वेग बदलला की रक्ताचा दाटपणा बदलतो

वाहताना द्रवाचे थर एकमेकांवर घासतात आणि त्यातून प्रवाहाला होणाऱ्या विरोधाला भौतिकीत श्यानता म्हणतात. ठरावीक तापमानाला पाण्याची श्यानता वेग कितीही असला तरी तेवढीच राहते. रक्त मात्र वेगाने वाहताना पातळ असते आणि प्रवाह मंदावला की कित्येक पटींनी दाट होते.

याचे कारण तांबड्या पेशींत आहे, ज्यांनी पुरुषांच्या रक्ताचा सुमारे ४५ टक्के भाग व्यापलेला असतो. मंद प्रवाहात फायब्रिनोजेन या प्रथिनामुळे त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. वेग वाढला की थरांमधील ओढ, म्हणजे कर्तनबल, या चळती मोडते आणि केंद्रक नसलेल्या लवचीक पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात. शरीरात दाह असताना फायब्रिनोजेन वाढते, चळती मोठ्या होतात आणि उभ्या नळीत लवकर खाली बसतात. प्रयोगशाळेतील ‘ईएसआर’ तपासणीत तासाभरात त्या किती मिलिमीटर खाली गेल्या हेच मोजतात.

नळीच्या रुंदीचा परिणाम याहून मोठा असतो. फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४०च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार, दाब तोच राहून नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. मात्र स्वीडनमधील फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवले, की सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त उलट पातळ असल्यासारखे वाहते, कारण पेशी मध्यभागी सरकतात आणि भिंतीलगत उरलेला रक्तद्रवाचा थर घर्षण कमी करतो. त्याही पुढे, केशवाहिन्यांत, सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची पेशी दुमडून एकेरी रांगेतून पार होते.

हा लवचीकपणा हरवला की काय होते, हे गडचिरोली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील सिकलसेलच्या रुग्णांत दिसते. ऑक्सिजन सोडल्यावर त्यांचे हिमोग्लोबिन जुळून ताठ तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि अरुंद वाहिनीत अडकते. त्यामुळे रक्तात पेशी कमी असूनही प्रवाह तुंबतो आणि असह्य वेदना होतात. शरीरातील पाणी कमी झाले किंवा थंडी लागली, तर हा धोका वाढतो. म्हणूनच अशा रुग्णांनी भरपूर पाणी पिणे व थंडीपासून जपणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.