सोयरीक जुळविण्यापूर्वी : नात्यातील विवाह आणि कायदा

पोत्यातील वानगी पाहिल्यावाचून आपण धान्याचा सौदा करीत नाही. सोयरीक ठरवितानाही आपण घराणे, शिक्षण व पत्रिका पाहतो. परंतु उभयतांचे नाते कायद्याच्या आड येते काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. सभासद बंधुभगिनींस त्याची माहिती व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विवाहविषयक कायदे बडोद्यास नवे नाहीत. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १९०४ साली बालविवाहप्रतिबंधाचा आणि १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचा नावाने उल्लेख आहे. म्हणून हे नियम आपणांसही बंधनकारक आहेत.

या कायद्यात नात्याचे दोन अडसर आहेत. पहिला सपिंडतेचा. मिताक्षरेप्रमाणे पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्या वर्ज्य होत्या. १९५५ च्या कायद्याने त्या अनुक्रमे पाच व तीन केल्या. मोजणी स्वतःपासून करावयाची. वर अथवा वधू स्वतः ही पहिली पिढी. दोघांचा समान पूर्वज दोघांच्याही मर्यादेत आला, तरच ती सपिंड ठरतात.

उदाहरण घेऊ. दोन सख्खे भाऊ आहेत. थोरल्याच्या मुलाचा मुलगा वर आणि धाकट्याच्या मुलाची मुलगी वधू. त्या भावांचे वडील दोघांनाही पित्याकडून चौथ्या पिढीस येतात. म्हणून विवाह वर्ज्य. परंतु वधू धाकट्याच्या मुलीची मुलगी असेल, तर तेच पूर्वज तिला मातेकडून चौथे पडतात. मर्यादा तीनची असल्याने येथे सपिंडता उरत नाही.

दुसरा अडसर निषिद्ध नात्यांचा. चुलत, आते, मामे व मावस भावंडे. काका-पुतणी, मामा-भाची, आत्या-भाचा, मावशी-भाचा. तसेच भावाची विधवा किंवा घटस्फोटित पत्नी ही नाती त्यात येतात. सावत्र नात्यासही हाच नियम आहे. मृत पत्नीची बहीण मात्र या यादीत नाही. दत्तक गेलेल्या मुलास, जन्मघरी ज्यांच्याशी विवाह करता आला नसता, त्यांच्याशी तो दत्तक गेल्यावरही करता येत नाही. सगोत्रतेची बंदी १९४६ च्या कायद्याने उठली. आज गोत्र टाळणे ही समाजाची रीत आहे, कायद्याची अट नव्हे.

या दोन्ही अडसरांस रूढीचा अपवाद आहे, आणि सावधगिरी हवी ती येथेच. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात अनेक समाजांत, जैन घराण्यांतही, मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे. दाक्षिणात्यांच्या या आचाराचा उल्लेख बौधायन धर्मसूत्रात आढळतो. गुजरातेतील जैन वाणी समाजांत मात्र मामेबहीण ही बहीणच मानली जाते. समजा, येथील गुजराती घराण्यातील कन्या सांगलीकडील घरी दिली. पुढे तिच्या मुलासाठी तिच्या भावाची मुलगी मागितली गेली. मुलाकडे रूढी आहे, मुलीकडे नाही. कायदा म्हणतो, दोघांपैकी प्रत्येकाच्या रूढीने विवाहास अनुमती असली पाहिजे. एकाच घराची रूढी पुरत नाही.

शिवाय रूढी दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली असावी लागते, आणि ती सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर असतो. दिल्लीच्या एका स्त्रीचा विवाह सपिंडतेमुळे २००७ साली शून्य ठरविला गेला. तिला रूढी सिद्ध करता आली नाही. पुढे तिने या तरतुदीच्या वैधतेसच आव्हान दिले. तेही दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळले.

विवाह शून्य ठरला म्हणजे तो झालाच नाही असे कायदा मानतो. पतीच्या मृत्यूनंतर त्या स्त्रीस विधवा म्हणून वारसा मिळत नाही; पेढीवर व घरात वर्षानुवर्षे राबूनही तिचे नाव वारसांत येत नाही. अपत्ये औरस मानली जातात व आईबापांच्या मालमत्तेत त्यांस हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले. असा विवाह करणारास एक महिन्यापर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणून साखरपुड्यापूर्वी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून वंशावळ कागदावर मांडावी आणि पिढ्या मोजाव्यात. नाते मर्यादेत येत असेल व रूढीवर भिस्त असेल, तर दोन्ही घराण्यांत पूर्वी झालेल्या तशा विवाहांची नावे व साल लिहून ठेवावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. व्यवहारातील चूक पुढच्या हंगामात भरून निघते; ही चूक मात्र आपल्या लेकीसुनांना जन्मभर सोसावी लागते.