वही कोणाच्या मालकीची?

हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, हे शाळेतल्या बाईंपासून व्हॉट्सॲपवरच्या काकांपर्यंत हल्ली सगळे विज्ञानाच्या हवाल्याने सांगतात. हा हवाला बहुतेक वेळा २०१४ मधल्या एका अभ्यासाचा असतो. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना टेड व्याख्यानं ऐकवली. काहींच्या हाती लॅपटॉप होता, काहींच्या कागद आणि पेन. पहिल्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांनी सरासरी ३१० च्या आसपास शब्द उतरवले, पेनवाल्यांनी १७३. निव्वळ माहितीच्या प्रश्नांत दोघे बरोबरीत राहिले, पण संकल्पनेच्या प्रश्नांत पेनवाले सरस ठरले. टंकणारा वक्त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवत जातो. पेनाला तो वेग झेपत नाही. काय टिपायचं आणि काय सोडायचं हे ऐकता ऐकताच ठरवावं लागतं, आणि समजल्याशिवाय ते ठरत नाही, असं या संशोधकांचं म्हणणं.

पुढचा भाग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने यातला पहिला प्रयोग पुन्हा करून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. लॅपटॉपवाल्यांनी याही वेळी जास्त आणि शब्दशः लिहिलं, पण उत्तरांतला तो फरक काही सापडला नाही. मग २०२४ मध्ये नॉर्वेतून ३६ विद्यार्थ्यांचा अभ्यास आला. डोक्यावर २५६ संवेदकांची जाळी चढवून मोजलं, तर हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला ताळमेळ जास्त दिसला. मात्र टंकणाऱ्यांना फक्त उजव्या हाताची तर्जनी वापरायची होती (असं कोण टंकतं?), आणि लक्षात किती राहिलं हे तपासलंच नव्हतं. शिवाय हाताने लिहिणारे लिहीत होते टचस्क्रीनवर, डिजिटल पेनाने. तरी बातम्यांतून 'कागदाचा विजय' गाजला!

म्हणजे फायदा असलाच तर तो हाताच्या हालचालीत आणि निवडीत आहे. कागद त्यासाठी अटळ नाही. आणि पडद्यावर पेनाने लिहायचं ठरलं की माझ्या मते खरा प्रश्न निघतो: ते अक्षर साठतं कुठे?

झूर्नल प्लसप्लस हे मुक्त सॉफ्टवेअर इथे पाहण्यासारखं आहे. त्याचा पूर्वज झूर्नल हा डेनिस ओरू या गणितज्ञाने लिहिला. हा नवा अवतार लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालतो, पीडीएफच्या समासात लिहू देतो आणि व्याख्यानाचा आवाजही टिपतो. पण मला भावते ती त्याची फाइल. ती मुळात एक दाबून बसवलेली मजकूर-फाइल आहे. उलगडली की प्रत्येक रेघेचा रंग, जाडी आणि ती जिथून जिथून गेली त्या बिंदूंचे आकडे ओळीने दिसतात. पेनाचा दाब नोंदवला असेल तर जाडी बिंदूगणिक बदलते. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं, तरी ते आकडे वाचून तीच अक्षरं पुन्हा काढणारा प्रोग्रॅम कोणीही लिहू शकेल.

बंदिस्त सेवेत ही सोय नसते. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकट खात्यांना ५० नोंदी आणि एका वहीची मर्यादा घातली. वर्षानुवर्षं भरलेल्या वहीच्या अटी अशा मालक बदलतो. टंकलेल्या नोंदींसाठी जॉपलिन हा मुक्त पर्याय आहे. त्यातल्या नोंदी मार्कडाउन या साध्या मजकुरात बाहेर काढता येतात आणि कूटबद्ध करून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात. ऑब्सिडियनही साध्या मजकुराच्याच फाइली ठेवतं आणि पैसे न देता वापरता येतं, पण त्याचा सोर्स कोड खुला नाही. फाइली आपल्याच हाती राहतात, म्हणून मी त्याला एव्हरनोटच्या पंक्तीत बसवणार नाही.

झूर्नल प्लसप्लसची मोठी उणीव म्हणजे शोध. वेडंवाकडं वर्तुळ ते नीट करून देतं, पण आपण लिहिलेलं 'प्रकाशसंश्लेषण' त्याच्या लेखी नुसत्या रेघा. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर छापील मराठी वाचतं, हस्ताक्षराची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. म्हणून मला दुहेरी पद्धत पटते. तासाला पेनाने लिहावं, संध्याकाळी चार ओळींचा सारांश जॉपलिनमध्ये टंकावा आणि पानाची पीडीएफ त्याला जोडावी. सारांश शोधता येतो, आणि निवडीचं काम दुसऱ्यांदा होतं.

मराठी टंकायला वेळ लागतो, ही तक्रार इथे येणारच. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'कि' लिहिताना आधी 'क' दाबायचा आणि मग वेलांटी, हाताच्या सवयीच्या नेमकं उलट. पण म्युलर-ओपेनहायमर यांचे विद्यार्थी इंग्रजी सराईतपणे टंकत होते, म्हणून तर व्याख्यान शब्दशः उतरवू शकले. देवनागरीत चाचपडत टंकणाऱ्याला तो मोह परवडतच नाही. पेनवाल्यासारखं त्यालाही गाळत गाळतच लिहावं लागतं.