'अयोग्य घर' हा शब्द कोण लिहितो?

अमेरिकेत ज्याला 'फॉस्टर केअर' म्हणतात त्याचा अर्थ थोडक्यात असा : आईबापांच्या घरात मूल सुरक्षित नाही असे सरकारला वाटले, तर न्यायालयाच्या हुकुमाने ते मूल त्या घरातून काढायचे आणि सरकारी खर्चाने दुसऱ्या कुटुंबात ठेवायचे. ही व्यवस्था तात्पुरती मानलेली आहे. ठरलेल्या मुदतीत आईबापांनी घर सावरले तर मूल परत जाते. न सावरले तर अनेकदा त्यांचे पालकत्वाचे हक्क कायमचे काढले जातात आणि मूल दत्तक जाते. २०२३ च्या सरकारी वर्षाअखेर त्या देशात अशी सुमारे ३ लाख ४३ हजार मुले होती. कॅलिफोर्नियात हे काम काउंटीकडे असते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याएवढ्या प्रदेशाचे स्थानिक शासन. अशाच एका काउंटीच्या बालकल्याण खात्यात मी केसवर्करांची पर्यवेक्षक म्हणून काही वर्षे काम केले. त्या कामात मी जे पाहिले ते आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे असे मला वाटते.

प्रथम कामाची रचना सांगते. केसवर्कर म्हणजे मुलाची, आईबापांची आणि ज्या कुटुंबात मूल ठेवले आहे त्या कुटुंबाची प्रत्यक्ष भेट घेणारा, आणि न्यायालयासाठी अहवाल लिहिणारा कर्मचारी. प्रत्येक मुलाला महिन्यातून किमान एकदा समोरासमोर भेटण्याचे त्याच्यावर बंधन असते. एका केसवर्करकडे बारा ते पंधराहून अधिक मुले असू नयेत आणि एका पर्यवेक्षकाकडे पाचच केसवर्कर असावेत, असे तिथल्या बालकल्याण संस्थांच्या महासंघाचे प्रमाण आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण पाळले जातेच असे नाही. एखादा केसवर्कर नोकरी सोडून गेला की त्याच्याकडची मुले उरलेल्यांत वाटली जातात. मग भेटी घाईच्या होतात, अहवाल रात्री जागून लिहिले जातात, आणि दमलेला माणूस तयार शब्दांचा आधार घेतो. पर्यवेक्षकाचे काम इथे सुरू होते. दर आठवड्याला प्रत्येक केसवर्करबरोबर तास-दीड तास बसायचे, एकेका मुलाचा विचार करायचा, आणि अहवाल वाचून त्यावर सही करायची. ती सही झाल्यावरच अहवाल न्यायाधीशांपुढे जातो.

या सहीला वजन का असते, ते मुदती पाहिल्या म्हणजे कळेल. मूल घरातून काढल्यावर सुट्टीचे दिवस सोडून ४८ तासांच्या आत न्यायालयात अर्ज दाखल करावा लागतो आणि पाठोपाठ पहिली सुनावणी होते. मूल तीन वर्षांहून लहान असेल तर कॅलिफोर्नियात आईबापांना घर सावरण्यासाठी मूलतः सहाच महिने मिळतात, मोठे असेल तर बारा. पुढे मुदत वाढू शकते, पण ती वाढवावी की नाही याचा निर्णय बहुतांशी अहवालावरच होतो. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने तर असे ठरवले, की मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये असेल तर, काही अपवाद वगळता, सरकारने पालकत्व रद्द करण्याचा अर्ज करावाच. म्हणजे आईच्या बाजूला घड्याळ लावलेले असते, आणि त्या घड्याळात तिने काय केले, काय केले नाही, हे लिहिणारा हात केसवर्करचा असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ही मुले घरातून का काढली जातात? बाहेरच्या माणसाला वाटते की मारहाण, लैंगिक अत्याचार अशीच कारणे असणार. तशी प्रकरणे असतात आणि ती भयानक असतात. परंतु निम्म्याहून अधिक मुलांच्या नोंदीत जे कारण दिसते ते 'हेळसांड' हे आहे. हेळसांड हा शब्द फार लवचीक आहे. तान्ह्या मुलाला दिवसभर उपाशी कोंडून ठेवणे ही हेळसांड. आणि रात्रपाळीला जाणाऱ्या आईने आठ वर्षांच्या मुलीवर धाकट्याला सोपवणे हीही कागदावर हेळसांडच. घरात अन्न नाही, वीज तोडली आहे, भाडे थकल्याने कुटुंब मोटारीत झोपते, ही सारी दारिद्र्याची लक्षणे. ती अहवालात येताना आईच्या स्वभावाची लक्षणे होऊन येतात.

ही गोष्ट आजची नाही. १९०९ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमध्ये निराधार मुलांविषयी परिषद बोलावली होती. केवळ दारिद्र्य आहे म्हणून घर मोडू नये, असे त्या परिषदेने स्पष्ट म्हटले. पण त्या तत्त्वाचा लाभ कोणाला मिळाला? दक्षिणेतील राज्यांनी गरीब मातांना मदत देताना 'योग्य घर' अशी अट घातली आणि ती मुख्यतः काळ्या मातांविरुद्ध वापरली. १९६० साली लुइझियाना राज्याने या अटीखाली सुमारे २३ हजार मुलांची मदत तोडली. त्यांतली बहुसंख्य मुले काळी होती. गवगवा झाल्यावर जानेवारी १९६१ मध्ये केंद्राचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी नियम केला, की घर अयोग्य म्हणून मदत तोडता येणार नाही. एक तर ते घर सुधारण्याचा प्रयत्न करा, नाही तर मुलाची दुसरीकडे सोय करा. नियम वरून माणुसकीचा होता. परंतु त्याच सुमारास, अशा घरांतून काढलेल्या मुलांच्या फॉस्टर केअरसाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. घर सुधारण्यापेक्षा मूल काढणे सोपे झाले. ज्या शब्दाने आधी भाकरी तोडली होती, त्याच शब्दाने आता मूल तोडता येऊ लागले.

त्याचे फळ आजही दिसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अमेरिकेतल्या काळ्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांच्या घरी, ती अठरा वर्षांची होईपर्यंत, एकदा तरी बालकल्याण खात्याची चौकशी येते. सर्व मुलांचा आकडा ३७ टक्के आहे. मूळ रहिवासी जमातींची कहाणी आणखी कठोर आहे. १९७० च्या दशकात संसदेपुढे आलेल्या पाहण्यांत असे आढळले, की त्यांची २५ ते ३५ टक्के मुले घराबाहेर काढली गेली होती. त्यावरून १९७८ साली 'इंडियन चाइल्ड वेल्फेअर अॅक्ट' झाला. मूल आधी नातेवाइकांकडे, मग जमातीत, आणि कुटुंब टिकवण्यासाठी खात्याने सक्रिय प्रयत्न केलेच पाहिजेत, असे तो कायदा सांगतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. काळ्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ साली, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, काळी मुले गोऱ्या घरांत ठेवण्याला जाहीर विरोध केला होता. त्या ठरावावर पुष्कळ वाद झाला. पण त्यामागचा प्रश्न वाजवी होता : आमच्या घरांत मूल वाढवण्याची लायकी नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?

पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर हा प्रश्न घोषणेच्या रूपात समोर येत नाही. तो वाक्यांच्या रूपात येतो. 'घर अस्वच्छ होते.' 'आई सहकार्य करीत नाही.' 'आईला मुलात रस दिसत नाही.' अशी वाक्ये मी रोज वाचीत असे, आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारीत असे : तू डोळ्यांनी काय पाहिलेस? अस्वच्छ म्हणजे काय? मोरीत भांडी होती, की रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशी इंजेक्शनची सुई पडली होती? पहिली गोष्ट अहवालातून गेली पाहिजे, दुसरी ठळकपणे आली पाहिजे. 'रस दिसत नाही' याचा अर्थ ती रडली नाही एवढाच होता काय? सरकारी माणसासमोर चेहरा बंद करून बसणे हे ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकलेले शहाणपण आहे, त्यांचा बंद चेहरा हा पुरावा कसा होईल? मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्या मला हे कुणी शिकवावे लागले नाही. तलाठी किंवा फौजदार दारात आला की आमच्या आया-आज्यांचे चेहरे असेच होत.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका आईने मुलाच्या सहा भेटींपैकी तीन चुकवल्या, अशी नोंद होती. भेटीची जागा काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, वेळ दुपारी तीनची. मी केसवर्करला बसचे वेळापत्रक काढायला सांगितले. दोन बसा बदलून एका बाजूचा प्रवास दोन तासांचा, आणि तिची कामाची पाळी सुटायची अडीच वाजता. भेट शनिवारी ठेवली, बसचा पास दिला. पुढच्या महिन्यात एकही भेट चुकली नाही. आता विचार करा : वेळापत्रक न पाहता तो अहवाल गेला असता, तर न्यायाधीशांनी 'आई भेटीस येत नाही' एवढेच वाचले असते. ते वाक्य खोटे नव्हते. अर्धवट होते, आणि अर्धवट वाक्याने मूल जाते.

नातेवाइकांच्या बाबतीतही असेच. मूल काढल्यावर तीस दिवसांत जवळच्या प्रौढ नातेवाइकांना शोधून कळवावे, असे २००८ चा केंद्रीय कायदा सांगतो. पण आजीच्या घरात स्वतंत्र खोली नाही, काकावर वीस वर्षांपूर्वीचा गुन्हा आहे, अशा कारणांवर गरीब समाजातले नातेवाईक गळत जातात. कारण ज्या वस्तीत पोलीस जास्त, तिथे गुन्ह्यांच्या नोंदी जास्त. बरेचसे नियम शिथिल करता येतात, पण त्यासाठी कुणीतरी अर्ज भरावा लागतो, वरिष्ठांकडे खेटे घालावे लागतात. परक्या घरी ठेवणे त्यामानाने लवकर होते. पैशाचीही गंमत पाहा. मूल परक्या घरी ठेवले की कॅलिफोर्निया त्या घराला महिना बाराशे डॉलरांहून अधिक देते. तेच मूल आईजवळ असते तर कल्याण-साहाय्यात त्याच्यापायी होणारी वाढ त्या मानाने फारच थोडी असते. म्हणून आठवड्याच्या बैठकीत माझा एक ठरलेला प्रश्न असे : या आईच्या हातात आज रात्री आठशे डॉलर ठेवले, तर मूल काढावे लागेल काय? उत्तर 'नाही' असेल, तर आपण हेळसांडीचे नव्हे, भाड्याचे प्रकरण हाताळत आहोत. २०२३ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही म्हटले आहे, की केवळ आर्थिक अडचणीमुळे मूल न्यायालयाच्या ताब्यात घेता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण 'केवळ' हा शब्द कुठे लागू होतो, हे पुन्हा त्या अहवालावरूनच ठरते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख एकांगी होईल. घरात ठेवलेली मुले मारली गेल्याचीही उदाहरणे आहेत. तसे एखादे मूल दगावले की वर्तमानपत्रांत केसवर्करचे वाभाडे निघतात आणि पुढचे काही महिने सगळे खाते भीतीने मुले काढू लागते. ही भीती मी समजू शकते. तुटलेली फासळी, आणि पुन्हा पुन्हा बदलणारे खुलासे, असे समोर असताना 'गरिबी आहे बिचारी' म्हणून डोळेझाक करणे हा मुलाशी द्रोह आहे. शोषित समाजातल्या मुलालाही आपल्याच घरातल्या माणसापासून संरक्षण मागण्याचा हक्क आहे. म्हणूनच गरिबी आणि क्रौर्य यांची सरमिसळ होता कामा नये. जे खाते हजार गरीब घरांच्या मोऱ्या तपासण्यात दमून जाते, त्याला खरोखर धोक्यात असलेले दहावे दार ठोठावायला वेळ उरत नाही.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली. तिने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी करून सुधार-वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. जन्मच गुन्हा ठरवला होता, त्यामुळे घर अयोग्य हे सिद्ध करण्याचीही गरज नव्हती. तो कायदा १९५२ साली गेला. आज आपल्याकडे २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे त्याचे तत्त्व आहे. त्याच्या ४४ व्या कलमात फॉस्टर केअरची तरतूद आहे. महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना तर एका दृष्टीने अधिक शहाणी आहे, कारण तिच्यात विधवा वा एकट्या आईकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठीच पैसा जातो. २०२३ पासून तो महिना २,२५० रुपये केला आहे. पण इथेही मुलाचे भवितव्य एका गृहचौकशी अहवालात ठरते. तो अहवाल कंत्राटावर नेमलेला तरुण किंवा तरुणी लिहिते. तिच्या शब्दांवर कोण प्रश्न विचारतो?

समाजकार्य शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून माझी सूचना अशी : विद्यार्थ्यांना अहवाल लिहायला शिकवण्याआधी अहवाल वाचायला शिकवा. त्यातली विशेषणे खोडायला लावा आणि प्रत्येक विशेषणाच्या जागी पाहिलेली वस्तुस्थिती लिहायला सांगा. कार्यकर्त्यांनी बाल कल्याण समितीपुढे जाताना आईबरोबर जावे, नातेवाइकांची नावे लिहून न्यावीत, आणि गृहचौकशी कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणाच्या उपस्थितीत झाली, हे विचारावे. पर्यवेक्षकाच्या जागी बसणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी सही करण्याआधी एवढे तरी पाहावे, की कागदावर जे घर उतरले आहे ते आपल्या आईचे असते, तर आपण ते ओळखले असते काय.