मिक्सर उघडतो, मोबाइल उघडत नाही

उपकरण दुरुस्त होणार की नाही, हे ते बिघडायच्या कितीतरी आधी, कारखान्यात आराखडा होतानाच ठरलेले असते. मिक्सरच्या बुडाचे स्क्रू काढले की आतले सगळे समोर येते. कोल्हापुरातल्या घरांत वाटणासाठी तो जसा राबतो, त्यात कपलरचे दात मोडणे, बुश झिजणे, कार्बन ब्रश संपणे हे चालायचेच. हे भाग इलेक्ट्रिकच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. मोटर जळाली तरी जुनी तार काढून नवी भरून देणारे कारागीर आहेत. ऑइल इंजिन, फाउंड्री आणि लेथवर वाढलेल्या उद्यमनगरात तर, पार्ट मिळत नसेल तर करून घेऊ, ही वृत्ती मुरलेली आहे.

मोबाइलपुढे मात्र ही कारागिरी अडते. मागची काच आणि बॅटरी चिकटवलेली असते. हीट गनने कडा तापवून पातळ पत्तीने ती सोडवावी लागते, आणि तेवढ्यात काच तडकली तर खर्च वाढलाच. काही मॉडेलांत अस्सल स्क्रीन बसवला तरी सॉफ्टवेअर तो ओळखत नाही. वॉशिंग मशीनच्या बोर्डावर ओल लागू नये म्हणून राळ ओततात. पण मग एक रिले गेला तरी अख्खा बोर्ड बदलावा लागतो. काही मशीनचे टब वितळवून जोडलेले असतात. तिथे बेअरिंगसाठी टबच नवा घ्यायचा, हा हिशेब कंपनीला परवडतो, गिऱ्हाइकाला नाही.

महापुरात हा फरक उघडा पडतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी 55 फुटांपलीकडे गेले. बुडालेले उपकरण तपासल्याशिवाय चालू करायचे नाही, हा पहिला नियम. ओल्या बोर्डातून वीज गेली की तांब्याच्या रेषा झपाट्याने गंजतात. गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन, मोटर वाळवून पुन्हा वार्निश देतात आणि बोर्ड अल्कोहोलने ब्रशने साफ करतात. जे उघडता येते तेच धुता येते.

पर्यावरणाचा हिशेबही इथेच येतो. ॲपलच्या स्वतःच्या अहवालांनुसार आयफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे 80 टक्के तो बनवतानाच होते. म्हणजे फोन दोन वर्षे जास्त चालवण्याचा फायदा चार्जिंगची वीज वाचवण्यापेक्षा कितीतरी मोठा. जुना फ्रिज याला अपवाद ठरू शकतो, कारण तो वर्षानुवर्षे वीज खात राहतो. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद 22.3 टक्क्यांचीच आहे. नोंदीबाहेरच्या कचऱ्यातल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, तेव्हा विषारी धूर आधी तिथल्या कामगारांच्या छातीत जातो.

भारतात एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा मुख्य भर पुनर्प्रक्रियेवर आहे. दुरुस्तीचा विचार ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये समिती नेमून सुरू केला आणि पुढे दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचाही आराखडा हाती घेतला. फ्रान्समध्ये 2021 पासून काही उपकरणांवर दहापैकी असे गुण छापावे लागतात, आणि त्यात सुट्या भागांची किंमतही मोजली जाते. भाग मिळतो पण नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार पाहता भारतीय निर्देशांकातही तो निकष हवाच.