दोष जिन्याचा नाही, पपईचाही नाही

दिवस गेल्याची बातमी घरात कळून जेमतेम महिना झालेला असतो. दहाव्या आठवड्यात कपड्यांवर डाग दिसतो आणि सोनोग्राफीत बाळाचे ठोके मिळत नाहीत. तपासणीच्या खोलीबाहेर लगेच कारणे शोधली जातात. परवा पाण्याची बादली उचलली, लग्नघरी जिने चढली, पपई खाल्ली असेल. ती मान खाली घालून सगळे ऐकून घेते. अहवालात मात्र गर्भाची वाढ सात आठवड्यांचीच दिसते. म्हणजे बादली उचलण्याच्या कितीतरी आधीच वाढ थांबलेली होती.

निश्चित झालेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ आपोआप संपतात, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. निम्म्याच्या आसपास वेळा कारण गर्भातच असते. गुणसूत्रे ४६ असायला हवीत. ती ४५ किंवा ४७ झाली की वाढ बहुधा पुढे सरकत नाही. ही चूक बहुतेक वेळा योगायोगाने होते. स्त्रीचे वय वाढते तशी तिची शक्यताही वाढते. बाकीच्या कारणांत आटोक्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचे विकार, गर्भाशयात जन्मतः असलेला पडदा आणि रक्तात गुठळ्या करणारी काही प्रतिद्रव्ये येतात. धूम्रपान व मद्यानेही धोका वाढतो. मिश्री आणि तंबाखूही गर्भारपणात सोडलेलीच बरी. रोजचे घरकाम, प्रवास किंवा मनावरचा ताण यांनी निरोगी गर्भ सहसा पडत नाही.

रक्तस्राव झाला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. गर्भाशयाचे तोंड बंद असेल आणि ठोके चालू असतील, तर त्याला ‘थ्रेटन्ड’ म्हणतात. अशा अनेकींची बाळंतपणे पुढे व्यवस्थित होतात. केवळ अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होतो, असे मात्र दिसलेले नाही. तोंड उघडले असेल तर गर्भ टिकत नाही. काही भाग आत राहिला तर ‘इनकम्प्लीट’, सगळे पडून गेले तर ‘कम्प्लीट’. ठोके थांबूनही गर्भ आतच असेल तर ‘मिस्ड’. यात कधीकधी डागही दिसत नाही. सोनोग्राफी फार लवकर झाली असेल तर ठोके न दिसणे स्वाभाविक असते. म्हणून शंका असल्यास एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासूनच निर्णय घेतला जातो.

पुढचे उपचार तीन प्रकारचे : वाट पाहणे, गोळ्या देणे किंवा पिशवी साफ करणे. कोणता मार्ग योग्य, हे तपासणीनंतरच ठरते. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणे जिवावर बेतू शकते. गर्भ नलिकेत रुजला असेल तर ती फुटून पोटात रक्तस्राव होतो.

एका बाजूला पोटात तीव्र दुखणे, खांद्यात कळ, चक्कर, तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नये. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे. अँटी-डी इंजेक्शन लागल्यास ते ७२ तासांच्या आत घ्यायचे असते.

एकदा गर्भ गेला म्हणून पुन्हा जाईलच असे नाही. बहुतेकींची पुढची गर्भधारणा पूर्ण दिवसांची होते. दोन किंवा अधिक वेळा असे झाले तर मात्र पती-पत्नी दोघांनी तपासणी करून घ्यावी. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड सुरू करावे, साखर व थायरॉइड तपासावे.

आणि घरच्यांनी एवढे करावे. ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न विचारू नये. त्या आठवड्यात तिला चार घास गरम आणि थोडी विश्रांती मिळाली, तरी पुष्कळ झाले.