टॉमकॅटच्या दारात (९) : सगळे डीलर एकाच पत्त्यावर

दोन टॉमकॅटांमध्ये काम कसं वाटायचं, स्टिकी सेशन म्हणजे काय, जेव्हीएमरूट कुठं लिहायचं, हे सगळं या आठवड्याला द्यायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतोय. अंबडहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न इतका चांगला आहे की तो बाजूला ठेवून पुढं जाववत नाही.

हा मुलगा जालन्यातल्या एका छोट्या बियाणे वितरकाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मंठा, परतूर, घनसावंगी इथले डीलर मोबाइलवरून ऑर्डर टाकतात. मृगाच्या तोंडावर एका डीलरची कपाशीच्या पाकिटांची ऑर्डर रद्द झाली. डीलर म्हणतो, मी रद्द केलीच नाही. मालक म्हणाले, कुठल्या पत्त्यावरून रद्द झाली तेवढं बघून सांग. मुलानं टॉमकॅटचा लॉग उघडला, तर प्रत्येक ओळीत १२७.०.०.१. म्हणजे मंठ्याचा डीलरही त्याच मशीनमध्ये बसलेला आणि परतूरचाही. पत्राच्या शेवटी विचारलंय, "सर, हा व्हायरस असेल का?"

व्हायरस नाही. त्याच पत्रात मध्येच एक वाक्य सहज येऊन गेलंय आणि उत्तर तिथंच आहे: नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं मॉड-जेके काढून टाकलं आणि अपाचेतून प्रॉक्सीपासनं सरळ ८०८० वर पाठवायला सुरुवात केली. पत्ते गायब झाले ते त्या दिवसापासून.

ब्राउझरची जोडणी अपाचेपाशी, ४४३ पोर्टवर, संपते. तिथून पुढं अपाचे आपली स्वतःची वेगळी जोडणी टॉमकॅटकडं उघडतो. टॉमकॅटला कोणी विचारलं, समोर कोण आहे, तर तो आपल्या सॉकेटचं दुसरं टोक बघतो आणि तिथं अपाचेच असतो, त्याच मशीनवरचा. तो खरंच सांगतोय. मोंढ्यात खरेदीदारासमोर अडत्या उभा असतो. माल कोणाचा, ते पट्टीवर अडत्या लिहील तेच. तेव्हा टॉमकॅटला डीलरचा पत्ता कळायचा तर तो अपाचेनंच सांगायला हवा, आणि अपाचेवर विश्वास ठेवायचा की नाही हे टॉमकॅटनं ठरवायला हवं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. बहुतेक लोक पहिली करतात आणि दुसरी विसरतात.

मॉड-जेके असताना हा प्रश्न का आला नाही? कारण मॉड-जेके टॉमकॅटशी एजेपीत बोलतं. हा प्रोटोकॉल जेसर्व्ह या अपाचेच्या जुन्या सर्व्हलेट इंजिनाच्या काळातला. सनकडून टॉमकॅट १९९९ साली अपाचेकडं आला आणि हा वारसा त्याला मिळाला. त्याची रचना करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की मध्ये एक वेब सर्व्हर असणार. म्हणून विनंतीच्या पाकिटात ठरलेले रकाने आहेत: मेथड (गेट म्हणजे नुसता आकडा २, पोस्ट म्हणजे ४), मग प्रोटोकॉल, यूआरआय, मग ग्राहकाचा पत्ता, त्याचं होस्टनाव, सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि शेवटी एका बाइटमध्ये 'एसएसएल होतं का'. टॉमकॅट हे रकाने वाचतो आणि जणू ग्राहक थेट समोर आलाय असं ॲप्लिकेशनला दाखवतो. जावा कोडला पत्ताच नाही की मध्ये कोणी होतं.

मला एजेपी अजूनही आवडतो, हे नियमित वाचकांना माहीत आहे. पण त्या रकान्यांत एक गंमत राहून गेली. ग्राहकाचा पत्ता घेतला, त्याचं पोर्ट मात्र घेतलं नाही. ते पुढं 'एजेपी-रिमोट-पोर्ट' अशा नावानं जोडलं गेलं, तेही पाकिटाच्या शेवटच्या खिशात, जिथं वेब सर्व्हरला वाटेल ते नाव आणि वाटेल ती किंमत टाकता येते. हा खिसा सोयीचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तोच अंगाशी आला.

घोस्टकॅट. नोंद सीव्हीई-२०२०-१९३८. चीनमधल्या चायटिन टेकच्या लोकांनी दाखवून दिलं की एजेपीच्या ८००९ पोर्टपर्यंत जो कोणी पोचेल त्यानं त्या खिशात टॉमकॅटच्या आतल्या वापरातली 'इन्क्लूड'ची नावं भरून पाठवली, तर टॉमकॅट वेब-आयएनएफमधल्या फाइली वाचून हातात देतो. डेटाबेसचे पासवर्ड अनेकांनी तिथंच ठेवलेले असतात. टॉमकॅटला वाटायचं, ८००९ वर बोलणारा म्हणजे आपला अपाचेच. आणि पोर्ट मात्र मूळ कॉन्फिगमध्ये सगळ्या नेटवर्ककडं तोंड करून उघडं. ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली: एजेपीचा कनेक्टर मुळात बंद, उघडलाच तर फक्त लूपबॅकवर, सिक्रेट सक्तीचं आणि खिशात अनोळखी नाव आलं की ४०३. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी लोकांनी घाबरून एजेपी काढलं आणि एचटीटीपी घेतलं. अंबडच्या वाचकाचं नवीन मशीनही बहुधा याच लाटेतलं.

तर आता एचटीटीपी. इथं रकाने नाहीत, हेडर आहेत. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हे हेडर स्क्विड प्रॉक्सीच्या मंडळींनी काढलं आणि रूढ झालं. त्याचं प्रमाणित भावंड 'फॉरवर्डेड' २०१४ साली आरएफसी ७२३९ मध्ये आलं, पण जुनंच जास्त चालतं. अपाचेचा प्रॉक्सी हे हेडर न सांगता जोडतो. म्हणजे डीलरचा पत्ता आजही टॉमकॅटपर्यंत येतोय. टॉमकॅट तिकडं बघत नाही इतकंच.

जावा कोडमध्ये हे हेडर वाचून, स्वल्पविरामावर तोडून, पहिला तुकडा घ्यायचा, अशी युक्ती सगळीकडं फिरते. करू नका. ग्राहक स्वतःच हे हेडर खोटा पत्ता भरून पाठवू शकतो. अपाचे ते पुसत नाही, त्याच्या शेवटी खरा पत्ता जोडतो. मग यादीत आधी खोटं, नंतर खरं, आणि पहिला तुकडा घेणारा कोड खोटाच उचलतो. वाचायचं उजवीकडून डावीकडं: आपले प्रॉक्सी ओलांडत जायचं आणि पहिला अनोळखी पत्ता लागला की थांबायचं.

टॉमकॅटमधला रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह नेमकं हेच करतो. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत त्याची एक ओळ घातली की काम होतं. पण त्यातलं 'इंटरनल-प्रॉक्सीज' बघा. काही लिहिलं नाही तर तो १०., १९२.१६८. असे सगळे खाजगी पत्ते आपलेच प्रॉक्सी धरतो. आता समजा गोदामातला कोणी १९२.१६८.१.२० वरून खोटं हेडर पाठवतोय. व्हॉल्व्ह उजवीकडून निघतो, १९२.१६८ बघून 'हा आपलाच प्रॉक्सी' म्हणत पुढं जातो आणि खोट्या पत्त्यावर जाऊन थांबतो. अपाचे त्याच मशीनवर असेल तर तिथं फक्त १२७.०.०.१ लिहा. ते रेग्युलर एक्स्प्रेशन असतं, तेव्हा टिंबांआधी उलटी तिरकी रेघ हवी. प्रॉक्सीपासमध्येही लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ च लिहा, नाहीतर एखाद्या दिवशी जोडणी आयपीव्ही६ वरून जाईल आणि व्हॉल्व्ह अपाचेला ओळखणार नाही. ८०८० चा कनेक्टरही त्याच पत्त्याला बांधून टाका. एचटीटीपीएसची खूण अपाचे आपणहून पाठवत नाही. 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हाताने घालावं लागतं.

एवढं करून टॉमकॅट पुन्हा सुरू कराल, अ‍ॅक्सेस लॉग उघडाल आणि तिथं परत १२७.०.०.१ दिसेल. अनेकजण इथं व्हॉल्व्हला नावं ठेवून तो काढून टाकतात. तो चालू असतो. विनंतीचं काम संपताना तो मूळ पत्ता जागेवर ठेवतो आणि लॉगची ओळ त्यानंतर लिहिली जाते. अ‍ॅक्सेस-लॉग-व्हॉल्व्हमध्ये 'रिक्वेस्ट-अ‍ॅट्रिब्यूट्स-एनेबल्ड' ट्रू करा, म्हणजे खरा पत्ता उतरेल.

मालकांना मात्र एक सांगून ठेवा. खरा पत्ता म्हणजे माणूस नव्हे. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागं ठेवतात. आतल्या वापरासाठी त्यांना १००.६४ पासूनची पट्टी २०१२ साली वेगळी काढून दिली आहे. मंठ्याचे दोन डीलर एकाच पत्त्यावर दिसले तर संगनमत समजू नका. अशा ठिकाणी ग्राहकाचं पोर्टही नोंदलेलं लागतं. एजेपीच्या रकान्यांत राहून गेलेलं तेच पोर्ट! अपाचेच्या लॉगफॉरमॅटमध्ये ते घालता येतं, आत्ताच घालून ठेवा.

आणि ती रद्द झालेली ऑर्डर? टॉमकॅटच्या जुन्या ओळींत तिचा पत्ता आता सापडणार नाही. पण अपाचेचा स्वतःचा अ‍ॅक्सेस लॉग आहे की! डीलरची जोडणी त्याच्यापाशीच संपत होती, त्यामुळं त्याच्याकडं खरे पत्ते पहिल्यापासून आहेत. दोन्ही एकाच मशीनवर, म्हणजे घड्याळही एकच. रद्द केल्याची वेळ आणि यूआरएल टॉमकॅटमधून घ्या आणि तीच ओळ अपाचेत शोधा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, पण उबंटूवर लॉगरोटेट मुळात रोज फाइल बदलतो आणि मागच्या चौदाच ठेवतो. पत्र येऊन आठवडा होत आला. हा लेख पुरा वाचायच्या आधी त्या फाइली दुसरीकडं कॉपी करा.