वणीहून आनंदवन

यवतमाळ जिल्ह्यातील वणीहून वरोऱ्याजवळील आनंदवनास सायकलीने एका दिवसात जाऊन यावयाचे असल्यास आखणी आदल्या दिवशीच करावी लागते. नकाशावर वणी आणि वरोरा सुमारे २० किलोमीटर अंतरावर दिसतात. परंतु ते सरळ रेषेचे माप होय. रस्ता वळणे घेतो, म्हणून नकाशातील रस्त्यावर दोरा ठेवून अंतर मोजावे. ताशी १२ किलोमीटर वेग धरावा. विश्रांतीचा वेळ निराळा.

खरा विचार करावयाचा तो वाऱ्याचा. वरोरा वणीच्या उत्तरेस आहे आणि हिवाळ्यात या भागात वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. थकलेल्या पायांना याहून चांगला सोबती नाही. पावसाळा टाळावा, कारण काळ्या रानाची चिकट माती मडगार्डखाली भरून चाकच अडवते. मे महिन्यातील उन्हाचे तर नावच नको. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. मोठमोठ्या मालमोटारींची रस्त्यावर वर्दळ असते. तेव्हा अंधारापूर्वीच घर गाठावे.

वाटेत पाटाळ्याच्या पुलावर थांबावे. खालून वर्धा वाहते. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे चंद्रपूर.

आनंदवन बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसह उभे केले. सायकलशीही त्याचे नाते आहे : बाबांनी १९८५ साली आरंभिलेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत तरुण मंडळी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवरून निघाली होती. तेथे कितीही रमले तरी परतीस दुपारी दोनपर्यंत निघावे.